निळ्या पडद्यावरची उसवलेली अक्षरं

पहिल्या भेटीत पतंगेकाकूंनी मला नाव विचारलं नाही. इंग्लंडमध्ये वॉटफर्डला येऊन मला तीन आठवडे झाले होते. पुण्याहून शिवून आणलेला ब्लेझर पाठीत झोळ पडून लोंबत होता आणि सोमवारी तो घालून क्लायंटपुढे उभं राहायचं होतं. स्टेशनवरून घरी येताना एका दुकानावर 'डी. पतंगे, अल्टरेशन्स अँड रिपेअर्स' अशी पाटी दिसली आणि आडनाव वाचूनच माझा जीव भांड्यात पडला. आत पाचवारी साडी, वर राखाडी स्वेटर आणि पायात पांढरे ट्रेनर्स घातलेली एक ठेंगणी बाई होती. मी पिशवीतून ब्लेझर काढायच्या आत त्या म्हणाल्या, "उजवा खांदा उतरलाय तुझा. लॅपटॉपची बॅग त्याच खांद्यावर ना?"

"अहो, पण ब्लेझर..."

"ब्लेझरला काही झालेलं नाही. तुला झालंय. आता तुला काही बदलता येत नाही, तेव्हा ब्लेझरच बदलू."

मला स्टुलावर बसवून त्यांनी माझ्यासमोरच पाठीची शिवण उसवली. दोरा ओढून काढायचा नाही, चार टाक्यांवर एक कापायचा आणि कापड आपण होऊन सुटू द्यायचं, अशी त्यांची पद्धत. उसवलेल्या जागी बारीक भोकांची रांग राहिली. माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी पाण्याचा फवारा मारला, ओलं फडकं टाकून वरून इस्त्री दाबली आणि फडकं उचललं. भोकं नव्हती.

"लोकर आहे ती," त्या म्हणाल्या. "पाणी दाखवलं की झालं गेलं विसरते. रेशीम नाही विसरत. आमचे दादा म्हणायचे, कापडाचा स्वभाव कळला की निम्मा शिंपी झालास."

दादा म्हणजे त्यांचे वडील. पुण्यात नाना पेठेत त्यांचं दुकान होतं. त्यांनी मुलीला दोन वर्षं नुसती काजं करायला बसवलं, तिसऱ्या वर्षी हातात कात्री दिली. काकूंचं निम्मं बोलणं 'आमचे दादा म्हणायचे' पासून सुरू व्हायचं. दादा खरोखर एवढं बोलत असते तर शिवायचे कधी, असं मी एकदा विचारलं. "बोलता बोलता हात चालतो तो कारागीर," काकू म्हणाल्या. "हेसुद्धा त्यांचंच."

पाटीवरचे डी. पतंगे म्हणजे काका, दत्तात्रय. ते बस चालवायचे. त्यांना साधं बटण लावता येत नव्हतं, हे काकू सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या. दुकानाची जागा त्यांच्या नावावर घेतली म्हणून पाटीही त्यांच्या नावाची. मी वॉटफर्डला आले तेव्हा काकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तीस वर्षांत तिथला प्रत्येक टाका काकूंनी घातलेला होता. पाटी का बदलली नाही, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गिऱ्हाइकाला पँटची उंची बरोबर लागते ग. पाटी कोण वाचतं?"

गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. मग त्यांची इथेच जन्मून वाढलेली नात मीरा, जी तेव्हा केंब्रिजला शिकत होती, तिला काळजी लागली. "मृणालमावशी, आजी घरी बसला तर सगळ्यांचा पडदे शॉर्ट करणार," ती मला फोनवर म्हणाली. "तिला काहीतरी बाहेरचा काम पाहिजे." आणि तिनेच काकूंचं नाव ॲशमिअर हॉलमध्ये व्हॉलंटिअर म्हणून घातलं.

ॲशमिअर हॉल हे आमच्यापासून वीस मिनिटांवरचं जुनं, लाल विटांचं मोठं घर. तिथल्या प्रत्येक खोलीत एक व्हॉलंटिअर उभा असतो. लोकांना माहिती सांगायची आणि कुणी कशाला हात लावू नये एवढं बघायचं, हे त्याचं काम. तिकडे बस जात नाही, म्हणून दर शनिवारी काकूंना सोडायचं माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी त्यांच्या स्वेटरवर लावलेला बिल्ला बघितला, 'सुमन'. सहा वर्षं मी या बाईच्या हातचं भडंग खात होते आणि तिचं नाव मला त्या बिल्ल्यावरून कळलं. मला लाज वाटली.

काकूंना खोली मिळाली ती वरच्या मजल्यावरच्या पलंगाची. पलंग काळ्या लाकडाचा, आणि त्याच्या डोक्याशी साडेचारशे वर्षांपूर्वीचा निळ्या लोकरीचा पडदा. त्यावर पांढऱ्या कापडातून कापून लावलेली दोन मोठी अक्षरं होती, आर आणि डब्ल्यू. म्हणजे सर राल्फ वेक्स्ली, घराचे मालक. आयुष्यभर कापड हातात घेऊन बघितलेल्या बाईला सांगितलं होतं, हात लावायचा नाही. काकूंनी त्यावर उपाय काढला. खोलीत शिरल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि निघेपर्यंत सोडायच्या नाहीत. "सुटले तर माझे ऐकणार नाहीत," त्या म्हणायच्या.

व्हॉलंटिअरना वाचायला एक फाइल दिली होती. चार पानांत साडेतीन पानं सर राल्फ, आणि शेवटी एक ओळ, की त्यांची विधवा लेडी ॲलिस धर्मशील होती. काकूंना ही ओळ खटकली. त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली, कौंटीच्या दफ्तरातून ॲलिसच्या मृत्युपत्राची नक्कल मागवली, आणि मला शेजारी बसवून शब्दन् शब्द वाचून घेतला. महिनाभरात त्यांना ॲलिस इतकी माहीत झाली की त्या तिच्याबद्दल सख्ख्या जावेसारखं बोलायला लागल्या.

"बाप लोकरीचा व्यापारी. मोठा. आणि या राल्फकडे काय, तर घराणं. छप्पर गळत होतं ग! हिच्या बापाच्या पैशानं ते शाकारलं. हा गेला तेव्हा ही पस्तिशीची. लोक म्हणाले, दुसरं लग्न कर. हिनं नाही केलं. तीस वर्षं सगळी जमीन हिनं बघितली, घराची पूर्वेकडची बाजू हिनं बांधली, आणि चर्चशेजारी बारा गरीब विधवांना राहायला घरं काढली. अजून राहतात तिथं बायका, बघ जाऊन. आणि फाइलवाले म्हणतात, धर्मशील."

मृत्युपत्रातल्या एका कलमावर काकूंचा फार जीव. त्या बारा बायकांना दरवर्षी निळ्या लोकरीचा एकेक झगा द्यावा आणि तो 'जिच्या तिच्या मापाने शिवावा', असं ॲलिसनं लिहून ठेवलं होतं. "मापानं!" काकू म्हणायच्या. "दानाचं म्हणून एकाच मापाचे बारा नाही. ही बाई कापडातली होती, मृणाल. नुसती श्रीमंत नव्हती." आणि आणखी एक ओळ त्यांनी पेन्सिलीनं अधोरेखित केली होती. मी माझ्यासाठी करवून घेतलेला निळा पलंग, असे शब्द होते. माझ्यासाठी. मग त्यावर राल्फची अक्षरं कशी, हा प्रश्न काकूंच्या डोक्यात तेव्हापासून बसला.

उत्तर मिळालं ते जानेवारीत. त्या महिन्यात हॉल बंद असतो आणि साफसफाई चालते. एरवी उन्हानं कापडाचा रंग उतरू नये म्हणून खिडक्यांच्या पट्ट्या खाली असतात, त्या दिवशी काचा पुसायला वर केल्या होत्या. हिवाळ्याचं तिरपं ऊन बाजूनं त्या पडद्यावर पडलं. मीही मदतीला थांबले होते, बादली घेऊन दारात उभी होते. काकू हात पाठीमागे बांधून पडद्यापासून वीतभर अंतरावर वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मला वाटलं कंबर धरली.

"इकडे ये," त्या हळूच म्हणाल्या. "आरच्या दोन पायांच्या मध्ये बघ. आणि बाहेरच्या बाजूला. काय दिसतं?"

मला धूळ दिसली. मग त्यांनी मला नीट बाजूला उभं केलं, आणि दिसली. भोकं. उसवलेल्या शिवणीची, मुंगीच्या पावलांएवढी, सरळ रांगेत. दोन तिरप्या रांगा वर जाऊन मिळत होत्या आणि मध्ये एक आडवी.

"ए," काकू म्हणाल्या. "ॲलिसचा ए. शेजारी तिच्या वेक्स्लीचा डब्ल्यू असणार, तो नवऱ्याच्या डब्ल्यूखाली झाकला गेलाय. हिनं नाव घातलं होतं, आणि मागून कुणीतरी ते उसवून नवऱ्याचं लावलं."

गाडीत बसल्यावर मी गमतीनं म्हटलं, "काकू, तुमच्या दुकानावरसुद्धा काकांचंच नाव होतं की." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझं मी लिहिलंच नव्हतं. न लिहिणं वेगळं आणि लिहिलेलं उसवणं वेगळं. हे मी सोडणार नाही."

आणि सोडलं नाही. हॉलच्या मॅनेजर हेलन. चांगली बाई, पण नियमाला बांधलेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि वरच्या ऑफिसला लिहा म्हणाल्या. काकू मराठीत सांगायच्या, मी इंग्रजीत टाइप करायचे. पहिल्याच पत्रात मी सवयीनं लिहिलं, की इथे कदाचित वेगळी अक्षरं असण्याची शक्यता वाटते. काकूंनी वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "ते कदाचित काढ. मला वाटत नाहीये, मला दिसलंय." अशी सहा पत्रं गेली. सहाही वेळा आभाराचं गोड उत्तर आलं. सहाव्या उत्तरात एवढं जास्त होतं, की व्हॉलंटिअरनी येणाऱ्यांना फाइलमधलीच माहिती सांगावी.

काकूंनी तो नियम पाळला. ॲलिसच्या अक्षराबद्दल एक शब्दही कुणाला सांगेनाशा झाल्या. फक्त लोक पडद्यापुढे आले की विचारायच्या, "व्हॉट डू यू सी?" आणि थोडं डावीकडे उभं राहायला सांगायच्या. हेलनना हे कळायला दोन महिने लागले. त्यांनी ते चालू दिलं.

मग ऑगस्टमध्ये नोटीस लागली. निळा पडदा काढून स्वच्छ करायला पाठवणार, पाण्यानं धुऊन, नवं अस्तर लावून वसंतात परत आणणार. सगळ्यांना आनंद झाला. मी काकूंना घ्यायला गेले तर त्या नोटिशीपुढे उभ्या, चेहरा पांढरा पडलेला.

"पाणी," त्या म्हणाल्या. "लोकर आहे ग ती. पाणी दाखवलं की संपलं. साडेचारशे वर्षं टिकलं आणि आता धुण्यात जाणार."

पडदा जायला नऊ दिवस होते. मी म्हटलं, सातवं पत्र लिहू. "पत्रानं कापड कळत नाही," काकू म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी त्यांनी एक जड पिशवी गाडीत ठेवली. ॲशमिअरला पोचल्यावर खोलीत न जाता त्या सरळ स्टाफच्या चहाच्या खोलीत गेल्या आणि हेलनना बोलावून आणलं. पिशवीतून निघाली प्रवासाची इस्त्री, फवारा, एक फडकं आणि निळ्या लोकरीचा हातभर तुकडा. तो तुकडा मी ओळखला. त्यांच्या एकुलत्या एका चांगल्या कोटाच्या घेरातून कापलेला होता. मी काही बोलणार तर त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

तुकड्यावर त्यांनी आदल्या दिवशी ए शिवून उसवला होता. तो त्यांनी खिडकीशी तिरपा धरला. "सी?" हेलननी वाकून पाहिलं. "येस. अ‍ॅन ए." मग काकूंनी फवारा मारला, फडकं टाकलं, इस्त्री दाबली. वाफ निघाली. फडकं उचलून तुकडा हेलनच्या हातात दिला. हेलननी तो खिडकीशी नेला, उलटा केला, चष्मा लावून पाहिला. काही नव्हतं.

"यू वॉश," काकू म्हणाल्या, "ॲलिस गोज."

चहाच्या खोलीत किटली आपोआप बंद झाल्याचा आवाज आला. हेलन त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत होत्या. तो त्यांनी परत दिला नाही. तुकडा हातात घेऊनच त्या फोन करायला गेल्या.

पडदा ठरल्या दिवशी गेला, पण धुण्याआधी तपासायचा असं ठरून गेला. तीन आठवड्यांनी जुनी कापडं दुरुस्त करणाऱ्या बाईंनी फोटो पाठवले. त्यांनी आधी अस्तर सोडवलं होतं आणि मागे दिवा लावला होता. हेलननी कॉम्प्युटरवर फोटो उघडला तेव्हा आम्ही दोघी मागे उभ्या होतो. निळ्या कापडात उजेडाचे ठिपके लागले होते. ए अगदी स्वच्छ, काकूंनी सांगितला होता तसाच.

पण शेजारी डब्ल्यू नव्हता. दोन उभ्या रांगा आणि मध्ये एक आडवी. एच.

"हे कसं?" काकू म्हणाल्या. त्या चुकल्या होत्या, आणि हे त्यांना चालत नसे. पुढे वाकून त्यांनी पुन्हा पाहिलं. हेलननी आमच्या पत्राला जोडलेली मृत्युपत्राची नक्कल काढली आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. ॲलिस, व्यापारी हॉब्स यांची मुलगी. एच म्हणजे हॉब्स.

काकू खुर्चीवर बसल्या. मला वाटलं हिरमुसल्या. पण त्या हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. "अग, माहेरचं आडनाव घातलं होतं बाईनं. माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही बघ. महिनोन् महिने मी डब्ल्यू शोधत होते. पलंग बापाच्या लोकरीचा, मग नाव बापाचंच की." त्या दिवशी गाडीत त्या सगळा वेळ तेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. चूक निघाल्यावर इतकी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

वसंतात पडदा परत आला. पाण्यानं भोकं मिटली होती, पण आता शेजारी दिव्याचा मोठा फोटो होता आणि नवी पाटी लावायची होती. हेलननी कच्चा मजकूर दाखवला. पडदा लेडी ॲलिसनं स्वतःसाठी करवून घेतला, त्यावर तिची माहेरची अक्षरं होती, ती मागून उसवली गेली, असं सगळं नीट लिहिलेलं. शेवटी होतं, की ही गोष्ट एका व्हॉलंटिअरच्या लक्षात आली.

माझं डोकं फिरलं. "एका व्हॉलंटिअरच्या?" मी हेलनना म्हटलं. इतकी वर्षं इथे राहून मी कधी कुणाला चढ्या आवाजात बोलले नव्हते, तेव्हा बोलले. बाईचं नाव उसवलं म्हणून पाटी लावता आणि ते शोधून काढणाऱ्या बाईचं नाव लिहीत नाही, असं म्हटलं. हेलन लाल झाल्या. तशी पद्धत आहे, म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, की पद्धत बदलता येईल. नाव कसं छापायचं? मिसेस डी. पतंगे?

काकूंनी नेहमीसारखं 'पाटी कोण वाचतं' म्हणावं अशी मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "आय टेल यू नेक्स्ट सॅटर्डे." पुढच्या शनिवारी त्यांनी हेलनना घडी केलेला कागद दिला. मला दाखवला नाही, मी विचारलंही नाही.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मला बेसिंगस्टोकला मीराचा फोन आला, तोपर्यंत मी तिथे नोकरीला येऊन वर्ष झालं होतं. मी गेले होते शेवटच्या निरोपाला. तिथल्या कार्डावर मिसेस पतंगे असं छापलं होतं, आणि वॉटफर्डचं अर्धं गाव काकूंनी आखूड केलेल्या पँटी घालून आलं होतं. मला खूप रडू आलं. पण काकू आठवायच्या म्हटलं की मला तो निरोप आठवत नाही. मला बेसिंगस्टोकला जाण्याआधीचा शेवटचा शनिवार आठवतो.

मीरा सुट्टीत आली होती, ती बरोबर होती. पलंगाच्या खोलीत नवी पाटी लागलेली. काकू आपल्या जागेवर, हात पाठीमागे. अंगात तोच कोट, घेराला कापल्या जागी वेगळ्या निळ्या कापडाची पट्टी जोडलेली. त्यांनी ती लपवली नव्हती. मीरा पाटीपुढे उभी राहून मोठ्यानं वाचत होती. शेवटच्या ओळीवर थांबली.

"आजी, त्यांनी तुझा नाव चुकवलंय. सुमन बोत्रे लिहिलाय. हू इज बोत्रे?"

मी पाटीजवळ गेले. सुमन बोत्रे. नाना पेठेतले दादा बोत्रे, दोन वर्षं काजं करायला लावणारे, हे माझ्या डोक्यात यायला एक क्षण लागला.

"चुकलेलं नाही," काकू म्हणाल्या. "मीच लिहून दिलं. बोत्रे म्हणजे माझे वडील. शिवायला त्यांनी शिकवलं."

मीरा पुन्हा पाटीकडे वळली. ते नाव ती पहिल्यांदाच वाचत होती. ओठ हलवत तिनं ते दोनदा म्हटलं. मग तिची नजर पडद्याकडे गेली, जिथे आता एकही भोक दिसत नव्हतं, आणि ती जागा चाचपायला तिचा हात आपोआप पुढे झाला.

"हात मागे," काकू म्हणाल्या.

मीरानं हात मागे बांधले. दोघी तशाच शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि जिन्यावरून पुढचे लोक वर यायला लागले.